एकच पाणी असेल तर कपाशीला कधी द्यायचे?

विदर्भ-मराठवाड्यातली बहुतेक कपाशी पावसावरच येते. विहिरीत किंवा शेततळ्यात एक-दोन पाळ्यांपुरतेच पाणी असेल, तर पिकाला किती देता यापेक्षा कधी देता यावर उत्पादन ठरते.

उगवणीनंतर महिनाभरात थोडा ताण बसला तरी कपाशी सावरते. सोटमूळ ओलाव्यामागे खोल जाते. याच काळात वारंवार पाणी दिले तर मुळे वरच्या थरात राहतात आणि पुढच्या पावसाच्या खंडात तेच झाड आधी माना टाकते. म्हणून हातातले पाणी फुलोरा ते बोंडे भरण्याच्या काळासाठी, म्हणजे लावणीपासून साधारण ६० ते ११० दिवसांसाठी राखून ठेवा.

या काळात ताण पडला की झाड आपले ओझे कमी करते. आधी पाते (फुलाच्या कळ्या) गळतात, मग फुलानंतर आठ-दहा दिवसांची कोवळी बोंडे. मोठी कैरी (हिरवे, न फुटलेले बोंड) सहसा गळत नाही, पण ती हलकी राहते. फूल उमलल्यानंतरचे पहिले २०-२५ दिवस धाग्याच्या लांबीचे असतात. तेव्हा पाणी तुटले तर धागा आखूड होतो. त्यानंतर धाग्याची भिंत भरते. तेव्हाचा ताण धागा कच्चा ठेवतो, मायक्रोनेअर (धाग्याची जाडी-पक्वता सांगणारा आकडा) घसरतो आणि मार बाजारभावात बसतो.

ताण ओळखायला दुपारची वेळ फसवी असते. कडक उन्हात ओल असतानाही पाने लोंबतात. सकाळी नऊ-दहालाच पाने मलूल, गर्द निळसर हिरवी दिसली तर समजा उशीर झालाच आहे. आधीच सावध व्हायचे तर खोडावरचे पेरे (गाठी) मोजा. फळफांदीवर खोडाजवळच्या पहिल्या जागी सगळ्यात वर असलेले पांढरे फूल शोधा (गुलाबी झालेले फूल कालचे असते) आणि तिथून शेंड्यापर्यंतचे पेरे मोजा. फुलोऱ्याच्या सुरुवातीला ते आठ-दहा असतात. काही दिवसांतच सहावर आले, तर वाढ थांबत चालली आहे. पाणी लगेच द्या. उशिरा, बोंडांनी झाड लदल्यावर पाच भरले तर ते स्वाभाविक आहे.

सरीने देताना एक आड एक सरी भिजवा. सगळ्या रानावर ५० मि.मी. म्हणजे एकरी दोन लाख लिटर पाणी. आड सरीने त्याच्या जवळपास निम्म्यात काम भागते. ३० × ३० × ३ मीटरच्या, १:१ उताराच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावते, पण बाष्पीभवन आणि पाझर वजा करूनच हिशेब धरा. काळ्या रानात भेगा मोठ्या होईपर्यंत थांबू नका, नाहीतर पाणी भेगांतून खाली उतरते आणि सरीचे टोक कोरडे राहते. भेगा पडण्याआधीच डवरणी (ओळींमधली कोळपणी) करून वरची माती भुसभुशीत ठेवा.

ठिबक असेल तर पाणी दिवसांवर नको, गणितावर द्या. रोजचे बाष्पीभवन ५ मि.मी. धरा, त्याला आधी ०.७ (बाष्पीभवन पात्राचा गुणांक) ने गुणा आणि येणाऱ्या आकड्याला ऐन फुलोऱ्यात १.१५ (पिकाचा गुणांक) ने गुणा: सुमारे ४ मि.मी., म्हणजे एकरी १६,००० लिटर. पाच फुटांवर नळ्या, ५० सें.मी.वर ताशी ४ लिटरचे ड्रीपर असतील तर ते पाऊण तासात होते. मात्र त्यासाठी तासाला २१-२२ हजार लिटरचा विसर्ग लागतो. पंप तेवढा देत नसेल तर व्हॉल्व्ह लावून प्लॉटचे दोन भाग करा, नाहीतर शेवटच्या ओळी उपाशी राहतात आणि गळ तिथूनच सुरू होते.

पाणीच नसेल तर १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) या विद्राव्य खताची १ टक्का फवारणी (१० लिटरला १०० ग्रॅम) थोडा आधार देते. ती पाण्याची जागा घेत नाही, चार दिवस ढकलते इतकेच.

मोठ्या खंडानंतर एकदम भरपूर पाणी देणे ही नेहमीची चूक. भारी जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि बोंडांनी लदलेली झाडे कडक उन्हात एका दिवसात सुकतात. हीच आकस्मिक मर. खंड तुटताना पहिली पाळी हलकी द्या, जोराचा पाऊस झाला तर साचलेले पाणी लगेच बाहेर काढा. झाडे सुकू लागताच १० लिटर पाण्यात युरिया १५० ग्रॅम आणि कॉपर ऑक्सीक्लोराईड २५ ग्रॅम मिसळून झाडाच्या बुडाशी १००-१५० मि.लि. ओता. पाने पार वाळल्यावर याचा उपयोग नाही.

शेवटचे पाणी बोंडे भरण्यासाठी द्या, नव्या फुलांसाठी नाही. फुलापासून बोंड फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात. नोव्हेंबरात आलेल्या फुलाला पाणी पाजून फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) ठेवली, तर त्या कैऱ्या गुलाबी बोंडअळीच पोसतील.