आर्क्टिकमध्ये शिडाच्या बोटीवर देवमासे बघायला जाताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं उन्हाळ्यात मी आपल्याकडच्या लोकांच्या छोट्या गटांबरोबर स्वालबार्डला, म्हणजे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटांवर, जाते. कधी दुभाषी म्हणून, कधी नुसती ‘ताई, तुम्ही असलात की बरं’ म्हणून. बोट दोन डोलकाठ्यांची, माणसं वीसेक. दरवर्षी माणसं नवी आणि चुका जुन्याच. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

एकदाच आत जाता येणारा व्हिसा

ही सगळ्यांत महागडी चूक, आणि ती घरबसल्या होते.

स्वालबार्डला जायला व्हिसाच लागत नाही. 1920 च्या करारानुसार ही बेटं नॉर्वेची. पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, ती येत नाहीत. (त्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचीही सही आहे. बोटीवर हे सांगितलं की सगळ्यांच्या माना ताठ होतात.) गोंधळ इथूनच सुरू होतो. लाँगयिअरब्येनला, म्हणजे तिथल्या मुख्य गावी, पोचायचं तर विमान ओस्लो किंवा ट्रोम्सोहून, म्हणजे आधी शेंगेनमध्ये शिरायचं. तिथून स्वालबार्डला निघालात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. परत आलात की पुन्हा आत. दोनदा प्रवेश झाला. व्हिसावर ‘एक प्रवेश’ लिहिलं असेल तर परतीचं दार बंद.

नाशिकचे एक काका-काकू. दोघं निवृत्त, तीन वर्षं पैसे साठवले, काकूंनी लोकरीचे मोजे स्वतः विणलेले. त्यांच्या एजंटाने एक प्रवेशाचा व्हिसा काढून दिला. काकांनी विचारलंही होतं. उत्तर आलं, “काका, नॉर्वेच तर आहे, एकच देश!” ओस्लोच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं, आणि फार सौम्यपणे विचारलं, “परत कसे येणार?” काकांना आधी वाटलं, तिकीट विचारताहेत. त्यांनी परतीचं तिकीट पुढे केलं. मी पलीकडे उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आला. बोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटणार होती. वकिलातीला फोन झाले, एजंटाला फोन झाले. त्याने उचलला नाही. बोट सुटली, काका-काकू ओस्लोत नऊ दिवस राहिले. काकूंनी ते मोजे माझ्याबरोबर पाठवले, “निदान हे तरी जाऊन येऊ देत.”

तेव्हापासून माझी एक सवय आहे. गटात नाव घातलं की मी व्हिसाच्या पानाचा फोटो मागते आणि प्रवेशसंख्येचा रकाना स्वतः वाचते. अर्ज करतानाच दोन किंवा अनेक प्रवेश मागा, आणि स्वालबार्डची तिकिटं अर्जाला जोडा. ‘एजंट बघतो ना सगळं’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

जाकीट उणे तीसचं, पँट जीन्सची

जुलैत लाँगयिअरब्येनचं सरासरी तापमान सहा-सात अंश असतं. महाबळेश्वरची जानेवारीतली पहाट म्हणा. लोक हा आकडा वाचून एकतर निर्धास्त होतात, नाहीतर एव्हरेस्टला चालल्यासारखं पिसांचं जाकीट घेतात आणि आत सुती बनियन घालतात. थंडी आकड्याची नसते, वाऱ्याची असते. डेकवर दोन तास न हलता उभं राहायचं असतं आणि अंगावर तुषार येत असतात. सुती कपडा एकदा ओला झाला की वाळत नाही.

अंगालगत लोकर, वर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. गमबूट एक नंबर मोठा, म्हणजे दोन मोज्यांतही बोटं हलवता येतात. आणि थंडी वाजायच्या आधी कपडे चढवा. वाजायला लागल्यावर खाली केबिनमध्ये पळालात की तेवढ्यात वर काय येऊन जाईल ते सांगता येत नाही. त्याची गोष्ट पुढे येतेच.

“आम्हाला बोट लागत नाही”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त हसते. माझं आजोळ हर्णैचं, आजोबा तांडेल, आणि तरी मला लागते. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीच्या, आत पाणी बशीतल्या चहासारखं असतं. पश्चिम किनाऱ्याबाहेर पडलं की लांब लाटा सुरू होतात आणि फुशारक्या संपतात. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात राहतच नाही. निघायच्या निदान एक-दोन तास आधी घ्या, आणि कोणती घ्यायची ते घरीच डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. मी गोळी घेते, खिशात आलेपाक ठेवते आणि बोटीच्या मधोमध बसून क्षितिजाकडे बघते. तिथे हेलकावे सगळ्यांत कमी बसतात. खाली केबिनमध्ये मोबाइल बघत लोळणारा माणूस तासाभरात बादलीपाशी सापडतो.

कॅमेरा आधी, डोळे नंतर

आता माझ्या लाडक्या चुकीबद्दल.

पुण्याचा एक मुलगा होता. हुशार, लाघवी, आणि हाताएवढ्या लांबीची लेन्स. पहिल्या दिवशी तो नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, मागे, मागून नाळेवर असा धावत होता. कोणी “तो बघा!” म्हटलं की लेन्स तिकडे, तोवर पाठ पाण्याखाली. दुसऱ्या दिवशी तो वैतागला. तिसऱ्या दिवशी विचारायला लागला, “आज तरी दिसणार का? जाहिरातीत तर...” ‘जाहिरातीत तर’ हे शब्द आले की मी चहा करायला उठते.

चौथ्या रात्री आम्ही प्रिन्स कार्ल्स फोरलांड बेटाच्या बाहेरच्या बाजूला होतो. रात्र म्हणजे घड्याळात दीड. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. धुकं होतं. कप्तानाने इंजिन बंद केलं आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. शिडाचा दोर कुरकुरत होता, बाकी काही नाही. मग आवाज आला. कुकरची सगळी वाफ एकदम सोडावी तसा, पण कितीतरी खोल आणि लांबलेला. धुकं जरा विरळ झालं आणि बोटीपासून थोड्या अंतरावर फवारा उभा राहिला, सरळ, दोन मजल्यांहून उंच. निळा देवमासा. मग पाठ यायला लागली, येतच राहिली, आणि ती संपत आली तेव्हा कुठे मागे एक एवढासा पर दिसला. चार वेळा त्याने श्वास घेतला. मग पाठीची कमान झाली आणि तो खोल गेला.

आमचा मुलगा त्या वेळी खाली होता. हात गारठले म्हणून गेलेला, आणि गेलोच आहोत तर कार्डावरचे दिवसभराचे फोटो लॅपटॉपवर उतरवून घेऊ म्हणून बसलेला. मोज्यांवरच धावत वर आला तेव्हा पाण्यावर फक्त ते गुळगुळीत गोल उरले होते, शेपटीच्या रेट्याने लाटांवर इस्त्री फिरवल्यासारखे. “परत येईल ना?” कप्तान चाळीस मिनिटं थांबला. नाही आला.

यावर उपाय म्हणजे माझी सवय, पद्धत वगैरे काही नाही. मी डोलकाठीला पाठ टेकून एका जागी बसते. थर्मास शेजारी. नुसत्या डोळ्यांनी क्षितिज डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जाते, शेतात राखण करणाऱ्यासारखी. काही खटकलं तर दुर्बीण. दुर्बिणीत खात्री झाली आणि जनावर थांबलं तरच कॅमेरा. पाखरं एकाच जागी घिरट्या घालत असतील तर खाली काहीतरी चाललंय, तिकडे लक्ष ठेवा. वारा पडला असेल, पाणी आरशासारखं असेल, तर जेवण सोडून वर या. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. थंडीत ती लवकर उतरते.

शेपूट दिसली नाही म्हणून रुसू नका. पाण्याबाहेर शेपूट उचलून दाखवणारा देवमासा म्हणजे बहुतेक वेळा हंपबॅक. फिन व्हेल आणि मिंकी या जातीचे देवमासे सहसा उचलत नाहीत. मिंकीचा तर फवाराही धड दिसत नाही. बेलुगा पांढरे, पाठीवर पर नाही, आणि लांबून लाटांच्या फेसात हरवतात. त्यांना फेस समजून सोडून देणारे मी डझनभर पाहिलेत. देवमासेच बघायचे असतील तर जुलैच्या मध्यापासून पुढे या. मे-जूनमध्ये बर्फ सुंदर असतो, पण मग देवमासे कमी दिसले म्हणून माझ्याकडे तक्रार नको.

आणि कोणाला काही दिसलं तर नुसतं “तिकडे! तिकडे!” ओरडू नका. बोटीची नाळ म्हणजे बारा वाजले असं धरा. “दोन वाजता, लांब” एवढं म्हटलं की वीस माना बरोबर वळतात.

अस्वलाजवळ न्या म्हणून कप्तानाच्या मागे लागणं

1 जानेवारी 2025 पासून नियम कडक झालेत. ध्रुवीय अस्वलापासून 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर आणि उरलेल्या वर्षात 300 मीटर दूर राहायचं. चुकून जवळ गेलात तर मागे फिरायचं. कोणाच्या तरी मेहुण्याने पूर्वी फार जवळून काढलेला फोटो दाखवून कप्तानाशी हुज्जत घालू नका. 300 मीटरवरचं अस्वल मोबाइलमध्ये साबुदाण्याएवढं दिसतं, हे खरं. म्हणून चांगली दुर्बीण घ्या. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते. नव्या मोबाइलवर उधळलेल्या पैशांच्या चौथ्या हिश्शात येते. किनाऱ्यावर उतरल्यावर बंदूकवाल्या गाइडच्या पुढे जाऊ नका. नैसर्गिक विधीसाठी दगडामागे एकटं जाणंही त्यातच आलं.

ड्रोन घरी ठेवा. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव क्षेत्रांत बंदी आहे, आणि तुम्ही बहुतेक वेळ तिथेच असता.

हिमाद्रीसमोरून लाइव्ह

स्वालबार्डच्याच न्यी-ओलेसुंड या वस्तीत भारताचं संशोधन केंद्र आहे, हिमाद्री, 2008 पासून. ते चालवणारी संस्था गोव्यात, वास्कोला. तिथे पोचलं की आपल्या माणसांना भरून येतं, मलाही येतं. पण त्या वस्तीभोवती 20 किलोमीटर रेडिओ-शांतता पाळायची असते, कारण तिथल्या दुर्बिणी आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी ऐकतात. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. कानातले इअरफोन, हातातलं घड्याळ, सगळं. एका काकांचं घड्याळ ‘आपोआप’ चालू राहिलं होतं, आणि बोटीवर परत येईपर्यंत गाइड त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. फोटो खुशाल काढा, पाठवा नंतर.

किरकोळ, पण दरवर्षीच्या

चाकांची कडक बॅग आणू नका. केबिनमध्ये ती ठेवली तर तुम्ही मावत नाही.

शाकाहारी असाल, कांदा-लसूण खात नसाल, तर बुकिंग करतानाच कळवा. तिथे वाटेत किराणा दुकान नाही, आणि स्वयंपाकी बटाट्याचे सात प्रकार करू शकत नाही. चिवडा, चटणी, मेतकूट घेऊन या. तूप आणि दुधाची मिठाई मात्र नको. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत.

बोटीच्या संडासात कागदसुद्धा टाकू नका असं सांगितलं तर टाकू नका. तुंबला की तो मोकळा करणारा प्लंबर म्हणजे तोच खलाशी, जो नंतर तुम्हाला हात धरून रबरी बोटीत उतरवणार असतो.

‘शिडाची बोट म्हणता आणि इंजिन का चालू?’ कारण वारा नाही.

माहितीपत्रकातला नकाशा हे वचन नव्हे. बर्फ आडवा आला की रस्ता बदलतो. “पण मोफेन बेट लिहिलं होतं” असं कप्तानाला ऐकवून बर्फ हटत नाही.

किनाऱ्यावरचं देवमाशाचं हाड, जुनी फळी, गंजका खिळा, काहीही खिशात घालू नका. 1946 पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण तिथे कायद्याने जपलेली आहे. सतराव्या शतकात डच लोकांनी स्मेरेनबुर्गला देवमाशांची चरबी कढवली, त्या भट्ट्यांचे अवशेष अजून आहेत. तुम्हाला तो राडारोडा वाटेल.

बोट बंदराला परत येते त्याच दिवशीचं परतीचं विमान घेऊ नका. एक रात्र लाँगयिअरब्येनला राहा. मात्र तिथे जून-जुलैत रस्त्याकडेला कुररी पक्षी अंड्यांवर बसलेले असतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यात चोच मारतात. ते सगळ्यांत उंच टोकावर झडप घालतात, म्हणून हातात काठी असेल तर ती डोक्यावर उभी धरून चाला. काठी नसेल तर छत्री. पुण्याच्या त्या मुलाने लेन्सचा ट्रायपॉड धरला होता, आणि त्याचा तेवढा एक उपयोग झाला.