टिक्स असलेल्या मुलाला घेऊन प्रवास: ‘सॉरी’ घरी ठेवून निघा

‘लक्षच देऊ नका, आपोआप जाईल’ आणि ‘जरा दरडावून बघा, लगेच थांबेल’ हे दोन्ही सल्ले मला एकाच दुपारी, एकाच माणसाकडून मिळाले आहेत. माझ्या मुलाच्या टिक्स, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली आणि आवाज, सहाव्या वर्षी सुरू झाल्या. आधी डोळे मिचकावणं, मग मान झटकणं, मग घसा खाकरणं. त्यानंतर आम्ही रेल्वे, बस, विमान सगळ्यांतून भरपूर फिरलो. पहिली दोन वर्षं मी बहुतेक गोष्टी चुकीच्याच केल्या.

निदान झालंय, डॉक्टरांशी बोलणं झालंय, असं धरून चालते. मूल मध्येच शुद्ध हरपत असेल, किंवा मान इतक्या जोरात झटकली जात असेल की हाताला मुंग्या येतात, तर आधी डॉक्टर, मग तिकीट.

आधी मोठ्यांची तयारी

सोबत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकच नियम सांगा: टिकबद्दल बोलायचं नाही. ‘थांबव’ नाही, ‘पुन्हा सुरू झालं का?’ नाही, आणि ‘काय चाळे चाललेत’ तर नाहीच. टिक येण्याआधी बऱ्याच मुलांना शरीरात काहीतरी साठत आल्यासारखं वाटतं, शिंक येण्याआधी नाकात वाटतं तसं. टिक झाली की तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. थोडा वेळ ती दाबताही येते, आणि घोळ इथेच होतो: ‘पाहुण्यांसमोर बरा नीट बसतो, म्हणजे मुद्दाम करतो.’ शिंकही दाबता येते की. म्हणून कुणी मुद्दाम शिंकतं का?

विषय काढला की टिक वाढते, हे तुम्ही घरी पाहिलंच असेल. तेव्हा दुर्लक्ष करायचं ते टिककडे. मुलाशी गप्पा चालूच ठेवायच्या. हे मला फार उशिरा जमलं. मी एका वहीत रोज टिक्स मोजायचे. कुणी सांगितलं नव्हतं, मीच हुशारी केली होती. एक दिवस ती वही त्याच्या हाती लागली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं: ‘आईने बघितलं – ४१.’ वही त्याच दिवशी बंद केली.

सामान, झोप, जागा

औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. प्रवासात डोस चुकवायचा नाही, आणि क्लोनिडीन (टिक्ससाठी दिलं जाणारं एक औषध) चालू असेल तर अजिबात नाही, कारण ते एकदम बंद झालं की रक्तदाब उसळू शकतो. आदल्या रात्रीची झोप पूर्ण. जागा शक्यतो शेवटच्या रांगेत, म्हणजे पाठीवर कुणाची नजर नाही.

प्रवासाच्या आधी दोन-चार दिवस टिक्स वाढतील, हे गृहीत धरा. भीतीने वाढतात तशा आनंदानेही वाढतात. बेत रद्द करू नका.

अनोळखी माणसांना काय सांगायचं

बाकी सगळं याच्या तुलनेत सोपं आहे. मी अडले ती इथे.

रेल्वेत एकदा समोरच्या बाईंनी विचारलं, ‘याला खोकला आहे का?’ आणि स्वतःच्या मुलीला जवळ ओढून घेतलं. मी घाईघाईने ‘सॉरी, सॉरी’ म्हणाले आणि त्याचा सगळा इतिहास सांगत बसले. कधी सुरू झालं, कोणते डॉक्टर, कोणत्या गोळ्या. बाई शेवटी अगदी हळहळल्या. मला वाटलं, छान सांभाळलं आपण. रात्री झोपताना मुलाने विचारलं, ‘आई, मी काय केलं होतं?’

‘काही नाही रे. का?’

‘मग तू सॉरी का म्हणालीस?’

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून एक वाक्य ठरवलं: ‘त्याला टिक्स आहेत, आवाज आपोआप येतो, कुणाला लागण होत नाही.’ बस, इतकंच. त्यात माफी नाही, ‘बिचारा’ नाही, आजाराचं पुराण नाही. तुमचं वाक्य वेगळं असेल, पण एका श्वासात संपलं पाहिजे आणि मुलाला मान्य असलं पाहिजे. नकाराधिकार त्याचा. आमच्या पहिल्या वाक्यात ‘प्रॉब्लेम’ हा शब्द होता, तो त्याने खोडला.

वाक्य म्हणणं सोपं, त्यानंतर गप्प बसणं महाकठीण. समोरचा माणूस पुढच्या माहितीची वाट पाहत असतो आणि ती शांतता आपल्यालाच टोचते. तिथे तोंड उघडायचं नाही. मुलाकडे वळायचं आणि अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डाव पुढे न्यायचा. मला हे जमायला चार-पाच प्रवास लागले. समोरून घरगुती उपाय सुरू झाले तर ‘बरं’ म्हणायचं, वाद घालायचा नाही. कुणी नक्कल करायला लागलं तर सरळ जागा बदलायची. मी एकदा भांडले होते. भांडण मी जिंकले, पण मुलगा पुढचे दोन तास पांघरुणाखाली होता.

वाक्य कधी म्हणायचं, यावर माझं मत ठाम आहे: कुणी विचारलं तर, किंवा कुणी टक लावून बघतच राहिलं तर. डब्यात शिरल्या शिरल्या घोषणा करू नका. याला अपवाद दोन. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत आधीच सांगा, कारण तिथे अचानक झटकलेल्या हाताचा भलताच अर्थ लागू शकतो. दुसरा अपवाद, तोंडून आपोआप शिव्या बाहेर पडत असतील तर. टुरेट (हालचालींच्या आणि आवाजाच्या अशा दोन्ही टिक्स दीर्घकाळ असण्याची स्थिती) म्हटलं की लोकांना हेच आठवतं, पण टुरेट असलेल्या साधारण १० ते १५ टक्के जणांमध्येच ते दिसतं. तुमचं मूल त्यात असेल तर शेजाऱ्यांना आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांना सुरुवातीलाच कल्पना द्या.

आणि सराव घरी करा. आमच्याकडे खडूस प्रवासी मी व्हायचे. त्याला तो खेळ इतका आवडला की तो मला आणखी खडूस व्हायला सांगायचा. नवव्या वर्षापासून वाक्य तो स्वतःच म्हणतो, मी खिडकीबाहेर बघते.

प्रवास चालू असताना

‘दाबलेल्या टिक्स नंतर दुप्पट होऊन बाहेर येतात’ हे सर्रास ऐकायला मिळतं. मुलांवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. पण दाबून धरण्यात लक्ष खर्च होतं, मूल दमतं. म्हणून ‘तेवढा एक तास आवर’ असं म्हणू नका आणि त्याला अधूनमधून उठून मोकळं होऊन येऊ द्या. हात आणि डोकं दोन्ही गुंतवणारं काहीतरी जवळ ठेवा: चित्रकला, ठोकळे, दोरीच्या गाठी. मूल गुंतलं की टिक्स बहुधा उतरतात. मोबाईलचं काही सांगता येत नाही. माझ्या मुलाचं डोळे मिचकावणं त्याने वाढतं.

सीबीआयटी नावाची वर्तनोपचाराची पद्धत मुलगा शिकला असेल तर ती इथे कामी येते. टिकची चाहूल लागली की तिला अडवणारी दुसरी हालचाल करायची. घसा खाकरण्याऐवजी नाकाने संथ श्वास, मान झटकण्याऐवजी हनुवटी किंचित खाली घेऊन मान हलकीशी ताठ. चाहूल ओसरेपर्यंत किंवा मिनिटभर. २०१० साली १२६ मुलांवर झालेल्या चाचणीत ही पद्धत उपयोगी ठरली आणि २०१९ पासून अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांची संघटना औषधाआधी तिचाच विचार करायला सांगते. मात्र ती शिकवायला प्रशिक्षित माणूस लागतो, व्हिडिओ बघून शिकवू नका. आणि प्रवासात तिची परीक्षा घेऊ नका. तो वापरेल तर वापरेल.

रोजचे दिवस

शाळेत तीन गोष्टी मागून घ्या: कडेची किंवा मागची जागा, न विचारता पाच मिनिटं वर्गाबाहेर जायची मुभा, परीक्षेला वेगळी खोली. वर्गाला टिक्सबद्दल सांगायचं की नाही, हे पुन्हा मुलालाच विचारा.

शाळेतून घरी आल्यावर टिक्स उसळतात, म्हणून काही आईबाबा शाळेला दोष देतात आणि काही स्वतःला. दोन्ही नको. दिवसभर आवरून धरलेलं मूल सैल होतं ते घरीच. तो पहिला अर्धा-पाऊण तास अभ्यास नको आणि ‘आज कसं होतं रे?’ असंही नको.

प्रवासाहून परतल्यावर आठवडाभर टिक्स जास्त दिसतील, एखादी नवीनही उगवेल. टिक्स अशाच चढतात आणि उतरतात. साधारण १० ते १२ व्या वर्षी जोर सर्वाधिक असतो, पुढे बहुतेकांच्या कमी होतात. त्या एका आठवड्यावरून औषधाचा डोस वाढवायला धावू नका. महिनाभराने बघा, आणि तेव्हाही जोर तसाच असेल तर डॉक्टरांना फोन करा.