घर एकदम उपसू नका: दमछाक न होता वर्षाची आवराआवर

वर्षाची साफसफाई बहुतेक घरांत एकाच पद्धतीने फसते. सकाळी मोठ्या उत्साहाने कपाट रिकामं होतं, सगळं पलंगावर येतं, दुपार जुन्या चिठ्ठ्या वाचण्यात जाते आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून तोच ढीग जसाच्या तसा आत कोंबला जातो. यात हातांपेक्षा डोकं जास्त दमतं. प्रत्येक वस्तूपाशी 'ठेवू की काढू' हा निर्णय असतो आणि एका खणात असे पन्नास-शंभर निर्णय सहज निघतात. त्यामुळे एक नियम पक्का धरा: काम मध्येच सोडावं लागलं तरी दहा मिनिटांत घर वापरण्याजोगं झालं पाहिजे, इतकंच एका वेळी बाहेर काढायचं.

इतकं म्हणजे एक खण किंवा एक फळी. मोबाइलवर २५ मिनिटांचा गजर लावा. साधारण १५ मिनिटं निवडायला, ५ पुसायला, ५ परत लावायला. दिवसाला अशा दोन फेऱ्या पुरे. तिसरी करता येते, पण तोवर निर्णय घ्यायचा कंटाळा आलेला असतो आणि 'राहू दे' म्हणत सगळंच परत आत जातं.

सुरुवात सोप्या जागेपासून करा: औषधांचा डबा, न्हाणीघरातली फळी, सिंकखालचा कोपरा. इथे निर्णय जवळजवळ तारखेनेच होतात. मुदत संपलेलं, वाळलेलं, गळकं असेल ते बाहेर. कपडे नंतर, कागद त्यानंतर, आणि फोटो-पत्रं अगदी शेवटी.

निवडायला बसताना जवळ एक टोपली आणि दोन पिशव्या घ्या. 'द्यायचं' एका पिशवीत, 'टाकायचं' दुसऱ्या. टोपली दुसऱ्या खोलीतल्या वस्तूंसाठी, आणि ती फार महत्त्वाची आहे. स्वयंपाकघरातली कात्री कपाटात सापडली की माणूस ती ठेवायला उठतो, तिथला ओटा आवरायला लागतो आणि कपाट उघडंच राहतं. गजर वाजेपर्यंत जागेवरून उठू नका. टोपली शेवटी एकदाच घरभर फिरवा.

'कधीतरी लागेल का?' हा प्रश्न विचारू नका, कारण त्याचं उत्तर कायम 'हो' असतं. त्याऐवजी दोन प्रश्न उपयोगी पडतात. ही वस्तू आज घरात नसती तर मी विकत आणली असती का? आणि कधी गरज पडलीच, तर मला ती इथे आहे हे आठवलं असतं का? दोन्हींना 'नाही' आलं तर ती अडगळ. तरीही हात धजावत नसेल तर त्यासाठी एकच मध्यम खोका ठेवा, त्यावर तारीख घाला आणि सहा महिन्यांनी बघा. खोका भरला तर दुसरा आणायचा नाही. नवी वस्तू आत जाताना जुनी एक बाहेर काढायची.

एकाच प्रकारच्या वस्तू घरभरातून गोळा करून शेजारी ठेवल्या की निर्णय आपोआप सोपा होतो. पाच कात्र्या एकत्र दिसल्यावर बोथट तीन कोणत्या ते सांगावं लागत नाही. चार्जर आणि वायरी तर अशाच निवडाव्यात: प्रत्येक वायर तिच्या उपकरणाला जोडून बघा, चालली तर चिकटपट्टीवर उपकरणाचं नाव लिहून ती वायरीला गुंडाळा. जिचं उपकरण सापडत नाही ती वायर काढून टाकायला हरकत नाही.

घरातल्या दुसऱ्या माणसाच्या वस्तू मात्र त्याला न विचारता काढू नका. एकदा असं झालं की तो माणूस पुढच्या वर्षी एकही खण उघडू देत नाही. त्याच्या वस्तू एका जागी नीट रचून ठेवा आणि निवड त्याच्यावर सोडा.

डबे, टोपल्या, खोके आधीच विकत घेणं ही सर्रास होणारी चूक. काय उरणार हे ठरायच्या आधी माप कसलं घेणार? निवड संपली की फळीची रुंदी, उंची आणि विशेषतः खोली मोजा. दोन सेंटिमीटरने मोठा डबा कपाटाचं दार लागू देत नाही. पुठ्ठ्याचे खोके जमिनीला किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पुठ्ठा ओलावा ओढतो, आणि कसर लागली तर ती आतल्या कागदांपर्यंत जाते. कपडे हवाबंद डब्यात ठेवायचे तर पूर्ण कोरडे हवेत. किंचित दमट कपड्यालाही आत बुरशी धरते.

आता प्रत्यक्ष धूळ. क्रम वरून खाली आणि कोरड्यापासून ओल्याकडे. आधी पाणी लावलं तर धुळीचा चिखल होतो आणि तो कोपऱ्यांत जाऊन बसतो. म्हणून जळमटं, पंखा, कपाटाचा माथा, मग फळ्या, मग झाडू, आणि शेवटी ओलं फडकं. पंख्याचं बटण बंद करून भक्कम शिडीवर उभं राहा, जुनी उशीची खोळ पात्यावर चढवा आणि दाबून बाहेर ओढा. धूळ खोळीतच राहते. टीव्ही आणि बटणांवर थेट फवारा मारू नका, फडक्यावर मारून मग पुसा. काचा ऊन थेट पडत नसताना पुसाव्यात, नाहीतर पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि ओघळ राहतात. मायक्रोफायबरची फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्याचा थर धाग्यांवर बसला की फडकं धूळ पकडत नाही.

चिमणीच्या जाळीचा तेलकटपणा घासून जात नाही, भिजवून जातो. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून जाळी अर्धा तास बुडवा, मग मऊ ब्रश. जाळी स्टीलची असेल तर ५ लिटर पाण्याला २ मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला, हातमोजे घालून. ॲल्युमिनियमच्या जाळीला हा सोडा लावू नका, ती काळी पडते.

फ्रिज बंद करून, १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून आतून पुसा. काचेची फळी बाहेर काढल्यावर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार काचेवर गरम पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. दाराच्या रबराच्या घड्यांत जुन्या टूथब्रशने घासा, काळी बुरशी बहुधा तिथेच असते.

नळावरचे पांढरे क्षाराचे डाग व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन भिजवलेल्या फडक्याने निघतात: २० मिनिटं गुंडाळा, धुवा, कोरडं करा. संगमरवराजवळ व्हिनेगर नको, आम्लाने त्याची चकाकी कायमची जाते. आणि व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळायची जी हौस आहे, ती फसफस पाहण्यापुरतीच ठीक. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, मागे जवळजवळ नुसतं पाणी उरतं. दोन्ही वेगवेगळे वापरा.

ब्लीच मात्र गमतीचा विषय नाही. ते शौचालयाच्या आम्लयुक्त क्लीनरमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरशी मिसळलं तर क्लोरामाइन. दोन्ही फुफ्फुसांना घातक. एका जागी एका वेळी एकच रसायन, खिडकी उघडी. जंतुनाशक आधीच साफ केलेल्या जागीच लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ती जागा ओली राहू द्या. लगेच पुसलं तर काम होत नाही.

'द्यायचं' पिशवी आठवड्याच्या आत घराबाहेर जाईल असं बघा, नाहीतर ती पुन्हा उघडली जाते. त्यात वापरण्याजोगंच घाला. फाटकं ते फडक्यांना. बॅटऱ्या, विशेषतः लिथियमच्या, नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका. जुना फोन देण्यापूर्वी खाती काढून फोनमधली सगळी माहिती पुसून टाका, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढा.

फोटोंच्या दिवशी दुसरं काही हाती घेऊ नका. अस्पष्ट आणि दुबार फोटो आधी बाजूला करा, मग उरलेल्यांची नावं आणि साल मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब समोरच्या बाजूला उमटतो.