शकुंतलेच्या रुळांच्या सोबतीने पाच दिवस सायकल: बेत कसा आखायचा

शकुंतला म्हणजे विदर्भातली छोट्या रुळांची जुनी रेल्वे. अचलपूर ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी दोन शाखांची ही लाइन. दोन्ही मिळून सुमारे 189 किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट. वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनवर आणि तिथून मुंबई बंदराकडे नेता यावा म्हणून इंग्रज कंपनीने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत इथे गाडी ओढत होतं. आता गाडी बंद आहे. रूळ रुंद करून ब्रॉडगेज करण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. परदेशात रूळ उखडून सायकलमार्ग केलेले असतात, तसं इथे काहीही नाही. रूळ जागेवर आहेत, खडी आहे आणि जागोजागी वेडी बाभूळ माजलेली आहे. 'रुळांच्या मधून मस्त सायकल जाते' असं सांगणाऱ्याने तिथे सायकल नेलेली नसते. आपण शेजारच्या डांबरी रस्त्याने जायचं आणि स्टेशन जवळ आलं की आत वळायचं.

महिना: नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. उन्हाळ्यात जाऊ नका, आणि पावसाळ्यात तर काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही.

आता दिशा. नकाशा बघून सगळे म्हणतात, मूर्तिजापूर मध्यावर आहे, मुंबईहून थेट गाडी आहे, तिथेच उतरा. माणसासाठी हे बरोबर आहे. सायकलसाठी चूक आहे, आणि ही सफर सायकलच्या सोयीनेच आखावी लागते. मूर्तिजापूरला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. एवढ्या वेळात ब्रेकव्हॅन, म्हणजे सामानाचा डबा, उघडून, वरची खोकी बाजूला करून तुमची सायकल कोण काढणार? इतक्या कमी थांब्याच्या स्टेशनचं सामान पार्सल ऑफिस सहसा घेतच नाही. कुणी भिडेखातर घेतलंच, तर तुम्ही फलाटावर आणि सायकल पुढच्या स्टेशनाच्या वाटेला, हे ठरलेलं. म्हणून सायकल अमरावतीपर्यंत बुक करायची. सीएसएमटीहून रात्री निघणारी अमरावती एक्सप्रेस सकाळी तिथे पोचते आणि तिथेच संपते, त्यामुळे डबा पूर्ण रिकामा होतो.

याच हिशेबाने चढायचंही सीएसएमटीलाच. तुम्ही डोंबिवलीला राहत असलात तरी कल्याणहून नको. गाडी सुटते तिथे ती फलाटावर बराच वेळ उभी असते आणि सायकल नीट चढते. कल्याणला धावपळीत ती कुठल्या तरी पोत्यावर फेकली जाते. डोंबिवलीहून टेम्पो करावा लागला तर करा, पण इथे पैसे वाचवू नका.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. तिकीट कन्फर्म असू द्या, कारण सायकल 'लगेज' म्हणून तुमच्या तिकिटावर जायला हवी. खिडकीवर 'पार्सल करा, स्वस्त पडेल' असं ऐकायला मिळेल. ऐकू नका. पार्सल जागा मिळेल त्या गाडीने जातं आणि तुमच्या गाडीला जागा असेलच असं नाही. लगेज मात्र तुमच्याच गाडीने जातं. गाडी सुटायच्या तीन-चार तास आधी पार्सल ऑफिसला पोचा, तिकीट आणि ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन. वजन, अर्ज, पैसे, पावती. पावतीचा तिथल्या तिथे फोटो काढा.

बांधणीत लोक दोन टोकं गाठतात. एक तर सायकल तशीच उघडी देतात, नाहीतर मोठ्या खोक्यात घालतात आणि मग अमरावतीला त्या खोक्याचं काय करायचं ते कळत नाही. माझं मत पक्कं आहे: बारदान आणि सुतळी. पेडल काढा, हँडल फ्रेमला समांतर वळवा, दिवे, पंप, बाटल्या, मीटर सगळं काढून पिशवीत. मागच्या डिरेलरवर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी बांधा आणि गिअरची साखळी मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर नेऊन ठेवा, म्हणजे डिरेलर आत सरकतो. प्रवासात सर्वांत आधी वाकतो तो डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो छोटा अॅल्युमिनियमचा हँगर. तो वाकला की गिअर पडत नाहीत, आणि तुमच्या मॉडेलचा हँगर परतवाड्यात मिळण्याची आशा धरू नका. एक जास्तीचा घरूनच न्या. मार्का तीन ठिकाणी जाड मार्करने लिहा: नाव, मोबाइल, पीएनआर, 'सीएसएमटी ते अमरावती'.

पावती मिळाली म्हणजे काम झालं असं समजून चहाला जाऊ नका. ब्रेकव्हॅन पुढे एक आणि मागे एक असते. तुमची सायकल कुठल्या व्हॅनमध्ये जाणार ते विचारा आणि चढताना तिथे उभे राहा. हमालाशी पैसे आधी ठरवा आणि सायकल उभी ठेवून भिंतीच्या गजाला बांधायला सांगा. आडवी ठेवली की तिच्यावर अख्ख्या रात्रीचं सामान येतं.

एवढं जमलं की बाकी सोपं. पहिला दिवस अमरावती ते परतवाडा, पन्नासेक किलोमीटर. मुक्काम परतवाड्यात, कारण लॉज तिथे आहेत. अचलपूर लगेच शेजारी. चिखलदरा जवळ दिसेल, पण भरलेल्या सायकलने तो घाट याच सफरीत घुसडू नका. दुसरा दिवस पथ्रोट, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, मूर्तिजापूर. हा लांब पडतो, पहाटे निघा. अंजनगावच्या भागात पानपिंपळीची शेतं दिसतील, वेलाला लागलेल्या बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या पिंपळ्या. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगावही याच तालुक्यातलं.

तिसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवा: मूर्तिजापूर ते कारंजा लाड. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असल्यामुळे भक्तनिवास आहे आणि जेवणाची चिंता नाही. चौथ्या दिवशी दारव्हा, लाडखेड करत यवतमाळ. पाचव्या दिवशी नेर, नांदगाव खंडेश्वर मार्गे परत अमरावती, नव्वदच्या आसपास. 'यवतमाळहून धामणगाव जवळ आहे, तिथून गाडी धरा' असा सल्ला हमखास मिळतो. तिथेही थांब्याचीच अडचण.

पंक्चरचं एवढंच: स्टेशन बघायला आत शिरलात की बाहेर येताना टायरवरून हात फिरवा. बाभळीचा काटा आत तुटून राहतो आणि दहा किलोमीटरनंतर हवा जाते. छोटा चिमटा जवळ ठेवा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही जाईल.

परतीचं लगेज अमरावतीला दुपारीच बुक करा, आदल्या रात्री मुक्काम ठेवलात तर उत्तम. सायकल सीएसएमटीला उतरणार आहे, तेव्हा दादर आलं म्हणून सवयीने उतरू नका. पावती हातात ठेवा, सायकल तिथेच सोडवून घ्या. 'घरी जाऊन झोपतो, संध्याकाळी आणतो' म्हणणाऱ्याला मुदत उलटली की वारफेज, म्हणजे सामान वेळेत न उचलल्याचा आकार, भरावं लागतं.