वाटेवरच्या शिळेची नोंद कशी करावी

चाळीसगाव, पारोळा, शिरपूर किंवा नंदुरबार, खानदेशातल्या कोणत्याही वाटेला लागले तरी निंबाखालचा शेंदूर फासलेला वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाची कोरीव शिळा), बांधाला टेकलेला मैलाचा दगड, नाहीतर चौकातले हुतात्मा स्मारक दिसतेच. रस्ता रुंद होऊ लागला की यांतले पहिले दोन आधी नाहीसे होतात, म्हणून त्यांची नोंद गावातल्याच कोणीतरी वेळीच करून ठेवावी. वही, टेप, टॉर्च आणि मोबाइल एवढे साहित्य त्यासाठी पुरते.

अर्थ लावण्याची घाई न करता मजकूर आधी जसाच्या तसा उतरवून घ्यावा. एखादा शब्द अशुद्ध वाटला तरी तो सुधारू नये आणि अक्षर झिजले असेल तेथे तेवढी जागा मोकळी सोडावी, कारण अंदाजाने भरलेले अक्षर पुढच्या वाचकाला मूळचेच वाटते. अक्षरांत खडू किंवा तेल भरणे, तारेच्या ब्रशने दगड घासणे हे तर कधीच करू नये. ऊन डोक्यावर असताना कोरीव अक्षरे सपाट दिसतात. त्याऐवजी अंधार पडल्यावर टॉर्च शिळेच्या अगदी कडेला धरून आडवा उजेड टाकावा, म्हणजे दुपारी कोऱ्या वाटलेल्या दगडावर आधी एखादा काना, मग वेलांटी, मग पुरता शब्द उमटू लागतो. शेंदूर मात्र खरवडू नये. तो दगड कोणाचा तरी देव असतो.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई किंवा वीराचे मरण, त्यावर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बांगड्या भरलेला कोपरात वाकलेला हात दिसला, तर ती सतीशिळा होय.

सर्वांत अधिक जपावे ते कालगणनेला. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सर्वांना ठाऊक असते, पण तेवढ्यावर विसंबू नये. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे आणि शेवटच्या मराठी ओळींत मठाला दिलेल्या उत्पन्नांचा तपशील आहे. तेथे शके ११२८ असे आहे, म्हणजे सरळ बेरजेने १२०६ येते. परंतु सोबत दिलेले प्रभव संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातले वर्षाचे नाव) आणि श्रावणी पौर्णिमेचे चंद्रग्रहण यांचा मेळ १२०७ शी बसतो. म्हणून संवत्सर, मास, तिथी, वार, ग्रहण जे जे कोरलेले असेल ते सारे उतरवावे.

जुन्या पाट्यांवर सन नसला तरी मजकूर काळ सांगतो. खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि १९६० पासून त्यांची नावे जळगाव व धुळे अशी झाली, त्यामुळे ‘पूर्व खानदेश’ लिहिलेली पाटी बहुधा त्या दरम्यानची असते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा तर १९९८ चा.

स्मारकावर नावे असतील तर सगळी लिहावीत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता यांच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. एकाच नावावर थांबणारी नोंद उरलेल्या चौघांवर अन्याय करते.

यानंतर जाणत्यांकडे जावे आणि प्रश्न अहिराणीतच विचारावा: ‘हाऊ दगड कोना शे?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत, पण दगडावरच्या मजकुरापासून वेगळ्या पानावर लिहावे. दोन्ही पानांवर तारीख, दगडाची उंची-रुंदी, तोंड कोणत्या दिशेला आहे आणि जवळची कायमची खूण, म्हणजे विहीर, देऊळ किंवा पूल, नोंदवावी. एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्यावी, आणि दुसरी घेऊन धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहावी.