एपी विषय किती घ्यायचे? आधी आठवडा मोजा

अमेरिकेत मुलं दहावी-अकरावीत गेली की 'एपी तीन घेऊ की पाच?' यावर घरात खल सुरू होतो. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेतच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. आम्ही लेकीबरोबर कागदावर तास मांडले आणि वाद मिटला.

१. आठवड्याच्या १६८ तासांतून शाळा, प्रवास, खेळ, जेवणखाण आणि रोजची किमान ८ तास झोप वजा करा. झोपेला कात्री नको, अगदी नकोच.
२. तोच विषय त्याच शिक्षकांकडे शिकलेल्या दोघा-तिघांना विचारा, गृहपाठाला आठवड्याला खरोखर किती तास लागले? इतिहासाचं वाचन बहुतेक जण कमी धरतात.
३. बाकीच्या विषयांचा अभ्यास धरून उरलेल्या तासांत बसतील तेवढेच एपी घ्या.

विषय सोडण्याची शेवटची तारीख समुपदेशकांकडून आधीच विचारून ठेवा. नंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) नोंद राहू शकते.