आसनगाव ते मस्जिद: रोजच्या पाच तासांची घडी कशी बसवावी

आमच्या इमारतीत गेल्या वर्षभरात चार नवी बिऱ्हाडं आली. चारही घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला कामाला जातं, आणि चौघांनीही मला जिन्यात गाठून एकच विचारलं, "काकू, इतकी वर्षं कसं जमवलंत?" मी एकोणीस वर्षं कसारा मार्गावरच्या आसनगावहून लोकलने मुंबईतल्या मस्जिद स्टेशनला जाते. तिथे सुक्या मेव्याच्या एका घाऊक पेढीत हिशेब बघते. जिन्यात उभ्या उभ्या हे सांगून होत नाही, म्हणून नीट लिहून काढते आहे.

सगळ्यात आधी एक वही घ्या. आठवडाभर रोज घराच्या दारातून निघाल्याची आणि कामाच्या खुर्चीत बसल्याची वेळ लिहा. संध्याकाळी तसंच उलट. गाडी जलद असली की आसनगाव ते सीएसएमटी, म्हणजे मुंबईचं शेवटचं स्टेशन, दोनेक तास, हे सगळे सांगतात. पण शहापूर रस्त्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं, स्टेशनचा पूल चढावा-उतरावा लागतो, मस्जिदला उतरल्यावर हातगाड्यांमधून वाट काढत चालावं लागतं. माझे एका बाजूचे अडीच तास होतात आणि वाईट दिवशी सव्वातीन. त्या आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस शोधा आणि घर त्या दिवसाच्या हिशेबाने चालवा. मुलाला पाळणाघरातून कोण आणणार, गॅस कोण लावणार, आईचं सातचं औषध कोण देणार, हे सगळं वाईट दिवसावर ठरवायचं. चांगल्या दिवशी अर्धा तास जास्तीचा मिळाला तर मिळाला. एवढं एक केलंत तरी निम्मी ओढाताण संपते. नव्या माणसाला ते पटायला वर्ष जातं, मला तर सहा गेली.

वाईट दिवस येतात कुठून, तेही समजून घ्या. कल्याणपर्यंत जलद आणि धीम्या गाड्यांना वेगळे रूळ आहेत. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या बाजूला मात्र एक जाणारा, एक येणारा. तिसऱ्या मार्गाचं काम बरीच वर्षं चालू आहे. त्याच दोन रुळांवरून नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही धावतात. उत्तरेकडून रात्रभर येणारी एखादी गाडी उशिरा पोचली की तिला पुढे काढतात आणि आपली लोकल टिटवाळ्याला किंवा खडवलीला उभी राहते. शिवाय डोंबिवलीकरांसारखी दर चार-पाच मिनिटांनी गाडी आपल्याला नाही. एक चुकली की पुढचीची बराच वेळ वाट बघायची.

म्हणून माझा नियम असा की जी गाडी तुम्हाला वेळेवर पोचवते, तिच्या आधीची पकडायची. आमच्यात गाडीला मिनिटावरूनच ओळखतात, आणि आपली गाडी म्हणून एक ठरली की माणूस तिच्यासाठी पळतो. मीही पळायचे. एका जुलैत पुलाच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरले आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यात उजवा हात. तेव्हा मी ज्या ठिकाणी कामाला होते तिथे त्या दिवसांचा पगार कापला गेला. एका गाडीसाठी मी दीड महिना गमावला. तेव्हापासून आधीची गाडी धरते. वीस मिनिटं लवकर पोचले तर पेढीच्या पायरीवर बसून चहा घेते, आणि ती वीस मिनिटं दिवसातली माझी स्वतःची असतात.

सकाळी आसनगावहून सुटणारी लोकल मिळाली तर तीच घ्या, बसायला मिळतं. कसाऱ्याहून येणारी भरून येते. बायकांच्या डब्यात नवीन असाल तर रीत अशी, की बसलेल्या बाईला नुसतं "कुठे?" विचारायचं. ती "ठाणे" म्हणाली आणि तुम्ही "मला द्या" म्हणालात की ती जागा तुमची. ती दुसऱ्या कुणाला देत नाही. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण पाळली जाते, तुम्हीही पाळा.

संध्याकाळी मस्जिदला गाडीत शिरायचा प्रयत्न करू नका. उलट एक स्टेशन सीएसएमटीला जायचं आणि तिथे गाडी लागते तेव्हा बसायचं. त्यासाठी पास सीएसएमटीपर्यंतचाच काढा. मस्जिदपर्यंतचा पास घेऊन सीएसएमटीला पकडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पास तिमाही काढावा, तो तीन मासिक पासांहून स्वस्त पडतो आणि मुदत संपण्याच्या दहा दिवस आधीपासून वाढवता येतो. मोबाइलवरचा पास असेल तर बॅटरी सांभाळा. फोन बंद पडला आणि पास दाखवता आला नाही, तर तुम्ही विनातिकीटच धरले जाता. मी अजून कागदी पासच बाळगते.

आता दाराबद्दल. ९ जून २०२५ ला मुंब्रा-दिवा भागातल्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं रुळांवर पडली आणि जीव गेले. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या डब्यात कुणी बोलत नव्हतं. तेव्हा हात जोडून सांगते, गाडीत पाय ठेवायला जागा नसेल तर सोडा. साहेबांचं बोलणं ऐकून घेता येतं. आत शिरलात तर ठाणे आणि डोंबिवलीला दारापासून लांब राहा. चढणारा आणि उतरणारा लोंढा तिथे समोरासमोर येतो. बॅग पाठीवर नको, पोटाशी. संध्याकाळी कल्याण गेलं की गाडी रिकामी होते, मग निवांत पुढे या.

पाण्याविषयी मला सगळ्यात कळकळीने बोलायचं आहे, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. त्यामुळे आमच्यातल्या कितीतरी बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. मीही चौदा-पंधरा वर्षं दुपारपर्यंत कोरडी राहिले. मग लघवीच्या जागी जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा औषधं. शेवटी सोनोग्राफीत मूतखडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला किती पाणी पिता?" आणि मला उत्तर देता येईना. आता उठल्या उठल्या, म्हणजे साडेचारला, दोन पेले पाणी पिते. निघायला तासापेक्षा जास्त अवधी असतो, त्यामुळे घरीच मोकळं होता येतं. गाडीत फक्त घोट घोट. पेढीत पोचल्यावर लिटरची बाटली टेबलावर, ती दुपारी तीनच्या आत संपवायची आणि परतीच्या गाडीआधी जाऊन यायचं. गाडीत अगदीच अडचण झाली तर कल्याणला उतरा, काम आटपा, पुढची गाडी घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलींनो, पाळीच्या दिवसांतही हेच. एक पॅड आणि एक जुनी ओढणी बॅगेच्या तळाशी कायम ठेवा.

झोपेचं म्हणाल तर रात्री दहाला दिवा बंद. भाजी चिरून, कणीक मळून आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये. गाडीत डुलकी लागते, पण ती झोपेत धरू नका. मान लटकून लटकून दुखायला लागते, म्हणून मी छोटी शाल गुंडाळून मानेमागे घेते. सकाळी खाल्ल्याशिवाय निघत नाही, अर्धी पोळी आणि गूळ-तूप तरी. दुसरी पोळी आठच्या सुमारास घाटकोपरच्या आसपास.

काही दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवायचे. संकष्टीला आणि विशेषतः अंगारकीला टिटवाळ्याच्या गणपतीला जाणाऱ्यांची गर्दी पहाटेपासूनच असते. रविवारी कामावर जावं लागत असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, कुठे आहे ते शनिवारीच बघून ठेवा. जोराच्या पावसात कुर्ला-सायनला पाणी भरलं की दुपारीच निघा, सहा वाजण्याची वाट बघू नका. कल्याणच्या पुढे गाड्याच बंद झाल्या तर कल्याणपर्यंत जसं जमेल तसं या. तिथून शहापूरची एसटी बघा. मुंबई-नाशिक महामार्ग आपल्या जवळूनच जातो, तेव्हा भिवंडीच्या बाजूनेही घर गाठता येतं. हे रस्ते एकदा सुट्टीच्या दिवशी उजेडात करून बघा, म्हणजे अंधारात आणि पावसात घाबरायला होत नाही.

आणि ग्रुप धरा. आमच्यात एक ताई आसनगावच्या आधी, खर्डीला चढते. गाडी तिथून निघाली की ती व्हॉट्सअॅपवर "खर्डी" एवढंच टाकते, तेवढ्यावर आसनगाव, वासिंद, खडवलीच्या बायका घरातून निघतात. इंडिकेटरपेक्षा माझा तिच्यावर विश्वास आहे. माझं मनगट मोडलं तेव्हा याच बायका पाळीपाळीने घरी डबा देऊन गेल्या. जानेवारीत डब्यातच हळदीकुंकू होतं. तुम्हाला बोलवतील, संकोच करू नका, वाण म्हणून काहीतरी छोटंसं घेऊन या.

घरच्यांशी मात्र पहिल्याच महिन्यात बोलून घ्या. आमच्याकडे ठरलं आहे की रात्री नऊच्या आत मला कुणी फोन करायचा नाही. गर्दीत बॅगेतून फोन काढता येत नाही, आणि तो वाजत राहिला की दोन्हीकडचा जीव टांगणीला लागतो. नऊ वाजून गेले तर मीच कल्याणहून कळवते. संध्याकाळचा कुकर यांच्याकडे, भाजी माझी. घराची एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते. मुलगी लहान होती तेव्हा शाळेतून येऊन ती त्यांच्याकडेच जेवायची. आता ती स्वतः ठाण्याला नोकरीला जाते. सकाळी माझ्याच गाडीने येते, आणि तिने उठून मोकळी केलेली जागा मी घाटकोपरच्या एका मुलीला देते.